खाली की वर? उभयचर विमानाची चाकं आणि इशारा देणारा आवाज

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेली, मग आता हे विमानाच्या चाकांचं खूळ कुठून आलं? उत्तर सोपं आहे. इशारा म्हणजे काय, तो माणसाला कधी कळतो आणि ऐकूनही कधी कळत नाही, हा प्रश्न जुना आहे आणि आमच्याच खात्यातला आहे. या चाकांच्या गोष्टीत तो जितका स्वच्छ दिसतो, तितका दुसरीकडे क्वचित दिसतो. म्हणून आज हा विषय.

आधी साध्या विमानापासून सुरुवात करू. 2025च्या जूनपासून आपल्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याला विमान जायला लागलं. (त्या आधीच्या चिमणीच्या वादात आम्ही आज शिरणार नाही. – हशा) ते एटीआर जातीचं विमान उडालं की चाकं पोटात घेतं आणि उतरण्याआधी ती पुन्हा बाहेर काढतं. आता समजा पायलट विसरला. विमान जमिनीजवळ येतंय, वेग कमी झालाय, आणि चाकं अजून आतच आहेत. अशा वेळी आतमध्ये आवाज सुरू होतो. हा आवाज द्यायला यंत्राला फार अक्कल लागत नाही. जमीन जवळ आली आणि चाकं खाली नाहीत, एवढ्या दोन गोष्टी कळल्या की पुरे. कारण उतरताना चाकं खालीच हवीत. बरोबर उत्तर एकच आहे.

आपल्या सोलापूरच्या माणसाला हे यंत्रमागावरून लगेच समजेल. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. धागा तुटणं कधीच बरोबर नसतं, त्यामुळे मागाला विचार करावा लागत नाही.

आता उभयचर विमान घ्या. त्याच्या खाली होडीसारखे दोन पोकळ पाय असतात, त्यांना फ्लोट म्हणतात. त्या फ्लोटमध्येच चाकं बसवलेली असतात, प्रत्येकात पुढं एक जागा आणि मागं एक जागा, म्हणजे एकूण चार ठिकाणी. धावपट्टीवर उतरायचं तर चारही ठिकाणची चाकं खाली. पाण्यावर उतरायचं तर चारही वर. एकाच विमानाला एकाच दिवसात दोन्ही करायचं असतं. म्हणजे इथं बरोबर उत्तरं दोन आहेत, आणि त्यातलं एक दुसऱ्या ठिकाणी जीवघेणं आहे. एटीआरमधलं ते साधं यंत्र इथं बसवलं तर ते धरणावर उतरताना दर वेळी बोंब मारील. आणि दर वेळी बोंब मारणारा भोंगा पायलट दुसऱ्या दिवशी वायर काढून बंद करतो, हे सांगायला तत्त्वज्ञ नको.

ही गोष्ट परदेशातली आहे असं समजू नका. 2010च्या डिसेंबरअखेरीस जुहूच्या विमानतळावर 'जल हंस' या सेवेचं उद्घाटन झालं. पवन हंसची ती सेवा, विमान सेसना कॅरव्हॅन, आणि जायचं होतं अंदमानात. मग 2014च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि मेहेर नावाची कंपनी यांनी जुहू ते पवना धरण अशी विमानं सुरू केली. पुढं 2017च्या डिसेंबरात गिरगाव चौपाटीसमोरच्या समुद्रात स्पाइसजेटनं कोडिअॅक विमानाचं प्रात्यक्षिक केलं, केंद्रीय मंत्री हजर होते. यातली कुठलीच गोष्ट आपल्याकडे रोजच्या एसटीसारखी रुळली नाही. पण धरणांवर विमान उतरवण्याची कल्पना दर दोन-चार वर्षांनी पुन्हा वर येते, आणि येत राहणार.

त्यातलं जुहू ते पवना हे उड्डाण जरा बारकाईनं पाहा. निघायचं धावपट्टीवरून, म्हणजे चाकं खाली. पोचायचं पाण्यावर, म्हणजे चाकं वर. मध्ये वेळ किती? मुंबईच्या गर्दीच्या आकाशातून बाहेर पडायचं, कंट्रोलशी बोलायचं, घाट ओलांडायचा, की धरण आलंच. या साखळीत एकच काम राहून जाऊ शकतं, उड्डाणानंतर चाकं वर घेण्याचं. ते राहिलं तर विमान उडताना काहीही वेगळं जाणवत नाही. फ्लोटची विमानं तशीही संथच असतात, चाकं बाहेर राहिल्यानं वेगात पडणारा फरक लक्षात येईलच असं नाही. आणि मग पायलट अत्यंत सुंदर, हळुवार, सगळ्या नियमांत बसणारं अवतरण पाण्यावर करतो.

काय होतं तेव्हा? विमान पाण्याला टेकतं त्या वेळी त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन. फ्लोटचा तळ होडीसारखा घडवलेला असतो, तो पाण्यावरून घसरतो. पण चाक घसरत नाही, चाक पाण्यात रुततं. ओढ लागते सगळ्यात खाली आणि विमानाचं वजन मात्र वर. धावत्या माणसाचा पाय उंबऱ्याला अडखळावा तसं विमान नाकावर जातं आणि उलटं होतं. आता माणसं पट्ट्यांना उलटी लटकलेली, डोकं पाण्याखाली, दार कुठल्या बाजूला ते समजत नाही. आपटून होणाऱ्या इजेपेक्षा हे बुडणंच जास्त घातक.

याच्या उलट चूक घ्या. चाकं वर आहेत आणि पायलट धावपट्टीवर उतरला. मोठा खरखराट होतो, फ्लोटच्या तळाचा पत्रा घासतो, ठिणग्या उडतात, विमान थोडं सरकून थांबतं. बहुतेक वेळा माणसं दार उघडून चालत बाहेर येतात. खर्च होतो, चौकशी होते, पायलटची मान खाली जाते, बस्स.

हे दोन्ही दोष कागदावर सारखेच दिसतात, 'चाकं चुकीच्या स्थितीत' अशा एकाच रकान्यात बसतात. पण एकाची किंमत पत्रा आहे आणि दुसऱ्याची माणूस. म्हणून जाणकार पायलटांचा कल एकाच बाजूला असतो. जमीन सुटली की चाकं वर, आणि ती वर आहेत हा उतरतानाचा पहिला प्रश्न. एखादं चाक अडकून खालीच राहिलं तर पाण्याचा विचार सोडायचा आणि धावपट्टी गाठायची. एखादं वरच अडकलं तर बाकीची पण वर घ्यायची आणि पाणी शोधायचं. अर्धं-अर्धं कुठंच चालत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. पायलटला सावध करायचं कसं?

सगळ्यात जुना उपाय दिव्यांचा. चाकं खाली असतील तर हिरवे दिवे, वर असतील तर निळे. निळा म्हणजे पाणी, हिरवा म्हणजे गवत, असं डोक्यात बसावं म्हणून. दांड्याचा आकारही महत्त्वाचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बी-17 बॉम्बफेकी विमानांचे पायलट सुखरूप उतरल्यावर, जमिनीवर धावत असतानाच चाकं आत घेत आणि विमान पोटावर बसे. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ ते तपासायला गेला. त्याला दिसलं की पंखांच्या फ्लॅपचा खटका आणि चाकांचा खटका शेजारी शेजारी, दिसायला एकसारखे. उतरल्यावर फ्लॅप आत घ्यायचे असतात, हात शेजारी पडला की चाकं आत. त्यानं चाकांच्या खटक्याला रबराचं छोटं चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. हाताला न बघता कळायला लागलं. आजही विमानात चाकांच्या दांड्याचं टोक गोल, चाकासारखं असतं, ते यामुळं. 'पायलटची चूक' असा शेरा मारून फाइल बंद करणाऱ्यांना चॅपॅनिसनं कायमचं उत्तर देऊन ठेवलंय, असं आमचं मत आहे. पण अडचण अशी की हा उपाय चुकीच्या हालचालीवर आहे. उभयचर विमानात हालचाल करायचीच राहून गेलेली असते. न केलेल्या कृतीला हाताचा स्पर्श काय कळणार?

म्हणून बोलणारी यंत्रणा आली. विमानाचा वेग एका ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की ती सज्ज होते, आणि उतरताना वेग त्या आकड्याखाली आला की कानात बोलते. चाकं वर असतील तर म्हणते, चाकं वर आहेत, पाण्यावर उतरण्यासाठी. खाली असतील तर म्हणते, चाकं खाली आहेत, धावपट्टीवर उतरण्यासाठी. पायलटनं बटण दाबून 'ऐकलं' असं कळवेपर्यंत काही यंत्रणा तेच तेच बोलत राहतात.

नीट पाहा, ही यंत्रणा इशारा देतच नाही. ती वर्तमानपत्रासारखी फक्त बातमी देते. चूक झाली असं ती म्हणत नाही, कारण खाली पाणी आहे की डांबर, हे तिला ठाऊकच नाही. अर्धं वाक्य यंत्र बोलतं, उरलेलं अर्धं पायलटनं मनात पूर्ण करायचं आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचं. आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ती जुळतातच. मग काय होतं? आपल्या या सात रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता उभे राहा. सात दिशांनी हॉर्न वाजत असतात. एकाही हॉर्नकडे कुणी मान वळवून बघत नाही. खरोखर ब्रेक निकामी झालेला रिक्षावाला तिथं हॉर्न वाजवीत आला, तर त्याचा हॉर्न वेगळा कसा ओळखणार? 'लांडगा आला रे आला'मध्ये पोरगं निदान खोटं बोलत होतं. इथं यंत्र दर वेळी खरंच बोलतं, तरी कान त्याला सरावतो. बटणाचंही तेच. पहिले आठ दिवस माणूस ऐकून बटण दाबतो, नंतर बोट ऐकतं आणि बोटच दाबतं.

आणि हे कान सरावण्यापुरतंही नाही. फ्रान्समध्ये तूलूझच्या संशोधकांनी, फ्रेदेरिक दहे हे त्यांतले प्रमुख, पायलटांना सिम्युलेटरमध्ये बसवलं, उतरताना वाऱ्याचा झोत अंगावर आणला आणि त्याच वेळी चाकांच्या बिघाडाचा भोंगा वाजवला. अनेकांना तो भोंगा ऐकूच आला नाही. कान ठणठणीत होते. डोळ्यांवर कामाचा ताण पडला की मन कानांचं दार लोटून घेतं. तुमच्यापैकी गृहिणींना हे नवं नाही. टीव्हीवर क्रिकेटचं शेवटचं षटक चालू असताना कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्यात का घरात? (हशा)

आता आमच्या घरच्या शास्त्राकडे येऊ. कुमारिल भट्टांच्या मीमांसक परंपरेत 'अनुपलब्धी' हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलंय. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? घडा न दिसण्यानं. नैयायिक म्हणतात, वेगळं साधन कशाला, ते प्रत्यक्षातच येतं. तो वाद राहू द्या. पण त्यात एक अट आहे ती फार मोलाची. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. तिला योग्यानुपलब्धी म्हणतात.

ही अट विमानाला लावा. समजा पायलट जुहूहून निघाला, चाकं वर घ्यायची राहिली, आणि आज काही कारणानं तो हळूच उडाला, वेग त्या ठरलेल्या आकड्याच्या वर गेलाच नाही. मग बोलणारी यंत्रणा सज्जच झाली नाही. उतरताना ती गप्प. गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं पायलटला वाटलं तर? हा अंधारातला घडा. शांततेवर विसंबायचं तर आधी खात्री पाहिजे की चूक असती तर आवाज आलाच असता. दिव्याचंही तेच. दिवा लागला नाही, तो चाक अडकल्यामुळे की बल्ब गेल्यामुळे? म्हणून निळ्यासाठी वेगळा दिवा आणि हिरव्यासाठी वेगळा. एकच दिवा ठेवून 'लागला तर खाली, विझला तर वर' असं केलं असतं तर स्वस्तात झालं असतं, पण निम्मं ज्ञान विझलेल्या दिव्यावर उभं राहिलं असतं. ज्यानं कुणी हे दोन रंग ठेवले त्यानं मीमांसा वाचली नसेल, पण अट मात्र पाळली.

दुसरी गंमत पाण्याची. ज्ञान खरं कशावरून, या प्रश्नावर नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण आहे. दुरून पाणी दिसलं. ते मृगजळ की खरं? जा, पी. तहान भागली तर ज्ञान खरं. म्हणजे ज्ञानाचा खरेपणा त्याच्यावर विसंबून केलेली कृती यशस्वी झाली यावरून ठरतो. पायलटला ही चैन नाही. त्याचं ज्ञान खरं होतं की नाही हे पाण्याला टेकल्यावरच ठरेल, आणि तेव्हा ते कळून काही उपयोग नसतो. मग तो एकाच गोष्टीला वेगवेगळ्या वाटांनी विचारतो. दिवा काय म्हणतो? आवाज काय म्हणतो? आणि बाहेर पंखाजवळ बसवलेल्या आरशात डोळ्यांना चाक दिसतंय का? दिवा हे अनुमान, आवाज हे शब्दप्रमाण, आरसा हे प्रत्यक्ष. आम्हाला विचाराल तर या तिन्हींत आरसाच सगळ्यात विश्वासाचा, आणि तो सगळ्यात स्वस्तही आहे.

चांगले शिक्षक आणखी एक गोष्ट करायला लावतात. पायलटनं उतरण्याआधी मोठ्यानं बोलायचं: 'मी पाण्यावर उतरतोय, म्हणून चाकं वर हवीत,' आणि मग एकेक चाक बघून 'वर, वर, वर, वर.' इथं क्रम महत्त्वाचा आहे. आधी पृष्ठभागाचं नाव, मग चाकं. उलट क्रमानं केलं की माणूस चाकांची स्थिती वाचतो आणि 'ठीक आहे' म्हणतो. कशासाठी ठीक, ते सांगायचं राहून जातं. यंत्राच्या अर्ध्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग पायलटच्या तोंडून आधी वदवून घ्यायचा, अशी ही युक्ती आहे.

मग यंत्रालाच पूर्ण वाक्य का शिकवू नये? शिकवलंय. अलीकडच्या काही यंत्रणांत विमानाच्या पोटातून लेसर किरण खाली सोडतात. जमिनीवरून आणि पाण्यावरून परत येणारा प्रकाश वेगवेगळा असतो. त्यावरून खाली काय आहे हे ओळखून यंत्र चाकांशी ताडून बघतं. आता ते पहिल्यांदाच 'चूक' हा शब्द बोलू शकतं. ही खरी पायरी चढली असं आम्ही मानतो. आवाज कमी वेळा येईल, आणि आला तर त्याला अर्थ असेल.

दुसरी वाट नकाशाची. जीपीएसनं जागा कळते, नकाशात तलाव निळे असतात, मग प्रश्न मिटला असं वाटतं. पण नकाशा काढणाऱ्यानं आपलं उजनी पाहिलेलं नसतं. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. पावसाळ्याअखेर जिथं पाणीच पाणी, तिथं मे महिन्यात चिखल, गाळपेर आणि गुरं. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक बघायला जातात. नकाशात ते देऊळ बारा महिने पाण्याखाली. त्या नकाशावर विसंबलेलं यंत्र उन्हाळ्यात काय सल्ला देईल, ते तुम्हीच बघा. महाराष्ट्रातली बहुतेक धरणं अशीच हलणाऱ्या काठांची आहेत. इथं वापरायची यंत्रणा त्या क्षणी खाली प्रत्यक्ष काय आहे ते बघणारीच हवी.

प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीनं विचारलं की मग चाकंच काढून टाका, नुसते फ्लोट ठेवा, भानगडच नको. प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि मालदीवमध्ये बरंचसं तसंच आहे. तिथल्या ट्विन ऑटर विमानांच्या फ्लोटना बहुतांशी चाकं नसतात. ती पाण्यावरूनच उडतात, पाण्यावरच उतरतात, आणि चाकं विसरण्याचा प्रश्न जन्मालाच येत नाही. पण त्यासाठी इंधन, दुरुस्ती, रात्रीचा मुक्काम, सगळं पाण्याकाठी उभारावं लागतं. आपल्याकडे विमान मुक्कामाला जुहूला, दुरुस्ती जुहूला, इंधन जुहूला, आणि पाण्यावर जायचं ते अर्ध्या तासाच्या फेरीसाठी. एकेका धरणावर एवढी सोय कोण करणार? म्हणून चाकं लागतात, आणि चाकं आली की तो आवाजही लागतोच.